पाच खेकडे ठेवले, सहा सापडले!

खेकडा पाण्यात बुडून मरतो, असं कोणी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल? मीही ठेवला नव्हता. म्हणून तर आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्याचं नुकसान झालं, आणि तेही माझ्यामुळे!

आमचं गाव राळेगाव तालुक्यात, वर्धा नदीपासून जवळच. शाळा उघडून आठवडा झाला होता. पहिले दोन-तीन दमदार पाऊस पडून गेले, की नाल्याकाठच्या काळ्या मातीतल्या बिळांतून खेकडे बाहेर पडतात. उन्हाळाभर ते बिळात, खालच्या ओलीत, दडून बसलेले असतात. रात्री बॅटरी घेऊन गेलं की हवे तेवढे सापडतात. चौथीतल्या या मुलानं बारा खेकडे धरले. त्याचे आजोबा, म्हणजे आबाजी, भोई. गळाला खेकड्याचं मांस लावलं की वांब आणि शिंगाडा हे मासे चांगले लागतात, असा त्यांचा अनुभव. पण नदी गढूळ होती, पूर ओसरायला चार दिवस लागणार होते. तोवर खेकडे जिवंत ठेवायचे कसे? मेलेला खेकडा काही तासांतच सडतो आणि गळावर टिकत नाही.

पोरानं मला विचारलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "अरे, जलचर प्राणी तो. बादली काठोकाठ भर आणि दे सोडून."

दुसऱ्या दिवशी बारातले सात मेले होते!

असं का झालं? खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो. हे कल्ले पाठीच्या कवचाखाली दोन्ही बाजूंना असतात. वाहत्या नाल्यात पाण्यात नवा प्राणवायू सतत मिसळत राहतो. बादलीतलं पाणी मात्र थांबलेलं. त्यातून पाणी तापलं की त्यात प्राणवायू आणखी कमी मावतो. बारा जणांनी तो रात्रीतून संपवला. वर त्यांच्या विष्ठेनं पाणी घाण झालं. बादलीच्या गुळगुळीत भिंतीवरून चढून बाहेर येता येईना. नाल्यात असते तर ते सरळ काठावर येऊन बसले असते. कारण कल्ले ओले असले, की गोड्या पाण्यातल्या आपल्या खेकड्याला हवेतूनही श्वास घेता येतो.

उरलेल्या पाचांसाठी त्यानं स्वतःच डोकं चालवलं. घरामागे एक प्लास्टिकचा कॅन पडला होता. त्याचं तोंड कापलं आणि तळाशी थोडंसंच पाणी ठेवलं. सकाळी तो धापा टाकत शाळेत आला. "सर, एकही जित्ता नाही जी! कॅन तं तीनदा धुतला होता."

मी विचारलं, "कसला कॅन रे?"

कपाशीवर फवारायच्या औषधाचा!

पालकांनी इथं जरा थांबून वाचावं, ही विनंती. खेकडा आणि किडा दिसायला वेगळे, पण दोघंही संधिपाद प्राण्यांच्या एकाच मोठ्या कुळातले. किडीच्या मज्जासंस्थेवर घाला घालणारी औषधं खेकड्यालाही तशीच भोवतात, आणि त्यासाठी अगदी थोडी मात्रा पुरते. माणूस मोठा म्हणून लगेच कोसळत नाही, एवढंच. 2017 च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. तरी आजही काही घरांत अशा कॅनमधून शेतावर पिण्याचं पाणी नेतात. धुतला म्हणजे स्वच्छ झाला, हा समज चुकीचा आहे. रिकामा डबा भोकं पाडून निकामी करायचा असतो. आणि हो, तो नाल्यात धुवायचा तर मुळीच नाही. त्या दिवशी त्या पोराचे हात मी दोनदा साबणानं धुवायला लावले, आणि संध्याकाळी त्याच्या घरी गेलो.

आबाजी ओसरीवर गळ घासत बसले होते. माझा बादलीचा सल्ला त्यांना कळलेलाच होता. हसून म्हणाले, "मास्तर, खेकड्याले पानी नाही, ओल पायजे."

मग त्यांनी आपली रीत दाखवली. मातीचं रुंद तोंडाचं मडकं. मातीतून पाणी पाझरतं, ते वाळताना मडकं गार राहतं. तळाशी दोन बोटं पाणी, त्यात दोन-तीन खापरं अशी ठेवायची की खेकड्याला वर बसता येईल आणि खाली लपताही येईल. वर ओलं पोतं, आणि ते दोरीनं बांधायचं. मडकं सावलीत. पाणी रोज बदलायचं, मेलेला लगेच काढायचा. एका मडक्यात पाच-सहाच ठेवायचे, कारण खेकडे एकमेकांना खातात! खेकडा धरायचा तो मागून, पाठीच्या दोन्ही कडांवर बोटं ठेवून. तरीही चावलाच, तर ओढाओढ करू नका. हात पाण्यात किंवा जमिनीवर टेकवा, तो आपसूक सोडतो. ओढलात तर बिचाऱ्याची नांगी तुटून येईल. ती पुढे कात टाकताना हळूहळू पुन्हा उगवते, हा भाग वेगळा.

त्या रात्री आम्ही पोरांबरोबर नाल्यावर गेलो. (हो, मीही गेलो. चिखलात एक चप्पल गमावली.) एक भलीमोठी मादी हाती लागली. आबाजींनी ती उलटी केली. पोटाखाली शेपटीची घडी असते. नराची अरुंद, मादीची रुंद आणि गोल. ती घडी जराशी उघडताच पोरं ओरडलीच! आत ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं वळवळत होती. समुद्रातल्या खेकड्यांची अंडी लाखांनी असतात, आणि त्यातून निघणारी पिल्लं खेकड्यासारखी दिसतही नाहीत. ती पाण्यात तरंगत वाढतात. आपल्या नाल्यातल्या मादीची अंडी त्यामानानं फार थोडी. पण त्यातून थेट छोटे खेकडेच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या पोटाशी राहतात. आबाजींनी तिला अलगद बिळाशी ठेवलं. "हिले न्यायचं नसते," एवढंच म्हणाले.

उरलेले खेकडे सोडायचे ते ज्या नाल्यातून आणले तिथंच. युरोपच्या किनाऱ्यावरचा एक खेकडा जहाजांबरोबर अमेरिकेला पोचला. 1817 साली त्याची तिथं नोंद झाली. पुढे त्यानं तिथल्या शिंपल्यांचा असा फडशा पाडला, की कोळी हैराण झाले! गंमत म्हणजे इंग्लंडात हाच खेकडा गळाला लावायला आवडीनं वापरतात, आणि तोही कात टाकायच्या बेतात असलेला. ओल्या शेवाळात गार जागी ठेवून त्याला जपतात. म्हणजे आबाजींचीच रीत!

आम्ही मडकं वर्गात खिडकीखाली ठेवलं. त्यात पाच खेकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी पोतं उघडलं, तर आत सहा! वर्गात एकच गलका. कोणी म्हणालं, रात्री एक चढून आत आला. कोणी म्हणालं, सरांनीच टाकला. नीट पाहिलं, तर सहावा नुसता पोकळ होता. डोळे, नांग्या, पायाची नखंसुद्धा जागच्या जागी, पण आत कोणीच नाही! एकानं कात टाकली होती. कवच वाढत नाही, म्हणून खेकडा मागच्या बाजूनं त्यातून बाहेर सरकतो आणि आधीपेक्षा मोठा होतो. नवं कवच टणक व्हायला काही दिवस लागतात. तोवर तो लोण्यासारखा मऊ, खापराखाली दडून बसलेला. मी त्याला वेगळ्या मडक्यात ठेवायला लावलं, नाहीतर बाकीच्या चौघांनी त्याला संपवलंच असतं.

आता खरी पंचाईत झाली. माशाला मऊ खेकडा सगळ्यात जास्त आवडतो, आणि त्याच दिवशी नदीचं पाणी निवळलं होतं. मुली म्हणाल्या, "सर, ह्याले नका देऊ ना जी!" मी काहीच बोललो नाही, खेकडे त्याचे होते. पोरगं बराच वेळ मडक्यात बघत उभं राहिलं. शेवटी शाळा सुटल्यावर पाचही खेकडे घेऊन आबाजींकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी कळलं, हातभर लांबीची वांब लागली. बाजारात तिचे पैसेही चांगले आले. वर्गातल्या मुली दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. कात मात्र अजून आमच्या खिडकीत आहे. एक पाय तेवढा झाडलोटीत तुटला.