कुंडींतला निवडुंग: त्याची घडण व निगा

मुंबई-पुण्याच्या रोपवाटिकांतून हल्लीं मुठीएवढ्या कुंड्यांत लावलेले चिमुकले निवडुंग पुष्कळ विकले जातात. विकणारा बहुधा एकच ग्वाही देतो कीं, याला कांहींच करावें लागत नाहीं. गिऱ्हाईक विश्वासानें तें रोप घरीं आणतें, खिडकींत ठेवतें, आणि रोज सकाळीं तुळशीला पाणी घालतांना त्याच तांब्यांतील घोटभर पाणी त्यालाही घालतें. श्रावणांत केव्हां तरी त्या हिरव्या गोळ्याला सहज बोट लागतें, तों तो बुडाशीं लिबलिबीत झालेला असतो. आदल्या दिवसापर्यंत मात्र तो वरून टवटवीत दिसत होता. निवडुंगाचें मरण असें मुळाशीं सुरू होतें आणि माथ्याशीं फार उशिरां कळतें. म्हणून त्याची निगा कशी राखावी हें पाहण्यापूर्वीं त्याची घडण समजून घेणें अवश्य आहे.

'निवडुंग' हें नांव मराठींत सैलपणें वापरलें जातें. कुंपणाला लावतात तो तिधारी निवडुंग एरंडाच्या कुळांतला. तो या कुळांतला नव्हे. खऱ्या निवडुंगांचें माहेर, एखादा अपवाद सोडल्यास, अमेरिका खंड होय. आपल्याकडे माळरानावर माजलेला फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला आहे. खरा निवडुंग चिकावरून ओळखूं जाऊं नये, कारण त्यांतही कांहीं जातींना पांढरा चीक असतो. त्याची खूण म्हणजे अंगावरील लोकरीच्या बारीक गाद्या. त्या गादींतूनच कांट्यांचा झुबका फुटतो.

घरांत ठेवण्यास सोईचा असा एक लहान निवडुंग म्हणजे मॅमिलेरिया. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ एड्रियन हॉवर्थ यानें १८१२ सालीं हें नांव रूढ केलें. या झाडाला सपाट शिरा नसतात. सर्वांगावर स्तनाग्रांसारखे उंचवटे नागमोडी ओळींनीं मांडलेले असतात, आणि त्याच अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हें नांव पडलें. याच्या बहुतेक जाती मेक्सिको देशांतील आहेत. त्या देशाच्या उत्तरेस चिवावा नांवाचें विस्तीर्ण वाळवंट आहे. तेथें वर्षाकाठीं सुमारें २०० ते ३०० मिलिमीटर पाऊस पडतो व तोही बहुतेक उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत. उलट मुंबईस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. निवडुंगाच्या निगेंतील सारी अडचण या दोन आंकड्यांत सांठलेली आहे.

अशा कोरड्या मुलखांत जगण्यासाठीं या झाडानें आपल्या शरीराची व्यवस्थाच बदलली. पानांतून पाणी उडून जातें म्हणून पानें टाकलीं व त्यांच्या जागीं कांटे धारण केले. हे कांटे जनावरांपासून रक्षण करतातच, शिवाय अंगावर सावली धरतात. पानांचें काम हिरव्या खोडानें पत्करलें आणि वर मेणचट कातडें पांघरलें. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे त्याचा श्वास. इतर झाडें दिवसां आपलीं सूक्ष्म छिद्रें उघडून हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु घेतात. निवडुंग तीं रात्रीं उघडतो. थंड हवेंत घेतलेला वायु तो आम्लाच्या रूपानें सांठवून ठेवतो. हें आम्ल सफरचंदांत असतें तेंच. दिवस उजाडला कीं छिद्रें मिटून घेऊन तो त्या सांठ्यावर सूर्यप्रकाशांत आपलें अन्न तयार करतो. या काटकसरीमुळें पाणी फार थोडें खर्च होतें. पण वाढही मंद होते. लिंबाएवढा गोळा बियांपासून वाढलेला असेल तर त्यामागें कित्येक वर्षें गेलेलीं असतात. असें झाड एका पावसाळ्यांत गमावणें ही लहानशी हानि नव्हे.

आतां निगेकडे वळावें. कुंडी मातीचीच असावी, कारण तिच्या अंगांतून ओल बाहेर पडते. चिनी मातीची नक्षीदार कुंडी कितीही शोभली तरी बुडाशीं भोंक नसेल तर ती टाकाऊ समजावी. देशावरील काळी माती पाणी धरून बसते. ती वापरूं नये. तांबडी माती एक भाग, नदीची धुतलेली जाड वाळू एक भाग आणि विटांची बारीक रोडी एक भाग असें मिश्रण करून त्यांत मूठभर जुनें, पूर्ण कुजलेलें पानांचें खत मिसळावें. समुद्राच्या वाळूंत क्षार असतो, म्हणून ती वर्ज्य. नव्या कुंडींत लावल्यावर आठवडाभर पाणी देऊं नये. तुटलेल्या मुळांच्या जखमा तेवढ्यांत सुकतात.

पाणी घालण्याचा नियम एकच: घालावें तेव्हां बुडाच्या भोंकांतून बाहेर येईपर्यंत घालावें, आणि माती आंतपर्यंत कोरडी झाल्यावांचून पुन्हा घालूं नये. बांबूची बारीक काडी मातींत खोल खुपसून पाहावी; ती ओली निघाली तर तांब्या खालीं ठेवावा. उन्हाळ्यांत आठ-दहा दिवसांनीं, थंडींत तीन-चार आठवड्यांनीं एकदां, एवढें पाणी साधारणपणें पुरतें. पावसाळ्यांत कुंडी वळचणीखालीं किंवा छपराखालीं हलवावी आणि हवा खेळती ठेवावी. त्या दिवसांत हवेंतील ओलीमुळें कुंडी लवकर सुकत नाहीं. मातींतील पोकळ्या पाण्यानें भरून राहिल्या म्हणजे मुळांना प्राणवायु मिळेनासा होतो, तीं कुजतात, आणि त्या वाटेनें बुरशी खोडांत शिरते. तहानेलेला निवडुंग आकसतो व पाणी मिळतांच पुन्हा फुगतो. कुजलेलें मूळ मात्र पुन्हा सजीव होत नाहीं.

उजेडाविषयीं दोन चुका होतात. अंधाऱ्या कोपऱ्यांत ठेवलेला निवडुंग उजेडाकडे मान ताणून बारीक व फिकट होतो. उलट रोपवाटिकेच्या जाळीखालीं वाढलेलें रोप एकदम एप्रिलच्या दुपारीं गच्चीवर ठेवलें तर त्याला डाग पडतात, व ते कायमचे राहतात. पूर्वेची खिडकी उत्तम. अधिक उन्हांत न्यावयाचें झाल्यास पंधरवडाभर थोडें थोडें ऊन वाढवीत न्यावें.

मॅमिलेरियाचीं फुलें कांट्यांच्या टोंकाशीं येत नाहींत. तीं उंचवट्यांच्या बेचक्यांतून, मागील वर्षीं वाढलेल्या भागांतून येतात, म्हणून माथ्याभोंवतीं त्यांचें कडें दिसतें. यंदा घेतलेल्या निगेचें फळ असें पुढील वर्षीं मिळतें. थंडींत कोरडी विश्रांति दिली तर बहर चांगला येतो. पुढें लहान लाल फळें धरतात; मेक्सिकोंत त्यांना 'चिलितोस' म्हणजे 'लहान मिरच्या' म्हणतात.

कांट्यांच्या मुळाशीं कापसासारखे पुंजके दिसूं लागले तर ते पिठ्या ढेकूण समजावेत. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटांत बुडवून ते टिपून काढावेत. बूड मऊ पडलें असेल तर धीर सोडूं नये. स्वच्छ सुरीनें वरचा निरोगी भाग कापावा. कापांत तपकिरी ठिपका उरेनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा चकती काढावी. मग तो तुकडा सावलींत आठ-दहा दिवस वाळवून कोरड्या वाळूवर टेकवावा. कांहीं आठवड्यांनीं त्याला नवीन मुळें फुटण्याचा संभव असतो. पुष्कळ जातींना बुडाशीं पिल्लें येतात. तींही याच रीतीनें लावतां येतात.

विकत घेतांना दोन गोष्टी पाहाव्यात. कांहीं रोपांवरील रंगीत फुलें गोंदानें चिकटविलेलीं सुकीं फुलें असतात. त्यांना भुलूं नये. दुसरें, रोप बियांपासून वा पिल्लांपासून वाढविलेलें आहे याची खात्री करावी. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणींत १४७८ जातींच्या निवडुंगांचा विचार झाला, व त्यांपैकीं ३१ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यांत असल्याचें आढळलें. शौकिनांसाठीं रानांतून झाडें उपटून नेणें हें त्याचें एक मोठें कारण आहे. १९७५ सालीं अमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें या व्यापारावर निर्बंध घातले आहेत. परंतु गिऱ्हाईक चोखंदळ असल्यावांचून निर्बंध पुरते फळत नाहींत.

ज्या झाडाला रोज कांहींतरी दिल्यावांचून समाधान वाटत नाहीं अशा माणसानें मोगरा लावावा. निवडुंगाला हात आवरतां येणारा पालक हवा. रोज पाहावें, आठवड्यानें काडी खुपसावी आणि मृग नक्षत्राच्या आधीं कुंडी छपराखालीं न्यावी. एवढें साधलें तर तें झाड वर्षानुवर्षें घरांत नांदतें.