राजीखुशीने?

अब्बांच्या इंतेकालनंतर भाऊ कागद पुढे करतो, ‘आपा, इथं सही कर.’ हक्कसोडपत्रात आधीच लिहिलेलं असतं: ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’. पण माहेर तुटेल या धास्तीने केलेली सही राजीखुशीची कशी? भारतीय करार कायदा, १८७२, कलम १४ म्हणतो: जबरदस्ती, अवाजवी दबाव, फसवणूक यांतून मिळालेली संमती मुक्त नव्हे. मात्र भाऊ धमकावत नाही. फक्त ईदला बोलावणं थांबवतो. कोर्टात हे सिद्ध कसं करणार? मेहरमधला काही भागही पत्नीने स्वखुशीने सोडला तरच पतीला घेता येतो (सूरह निसा, आयत ४). मग त्याच सूरहच्या आयत ११ ने दिलेला लेकीचा वाटा? तो आधी तिच्या नावावर चढवा, ताबा द्या. नंतर तिला वाटलं तर ती हिबा करील.