आधी रेशनकार्ड, मग चंदा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. जुम्याच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील मशिदीच्या दारात चादर अंथरली गेली. आमच्या शाळेत सातवीत शिकणाऱ्या एका मुलीचे अब्बा हडपसर परिसरातील एका मोठ्या रुग्णालयात दाखल होते. रिक्षा चालवून घर चालवणारा माणूस. अँजिओप्लास्टी तातडीने करायची होती आणि खिडकीवर आधी अनामत मागितली होती. तासाभरात चाळीस हजार जमले. चाचांनी धावत जाऊन ते भरले. अल्लाहच्या कृपेने माणूस वाचला.

चार दिवसांनी आम्ही भेटायला गेलो, तेव्हा जिन्याखालच्या टेबलावर ‘आरोग्यमित्र’ अशी पाटी दिसली. सहज चौकशी केली. तिथला तरुण म्हणाला, “पहिल्याच दिवशी रेशनकार्ड घेऊन का नाही आलात? हा उपचार योजनेत बसतो.” आता उपचार झालेले, पैसे भरलेले. खिडकीवरच्या माणसाने या टेबलाबद्दल सांगितले नव्हते आणि आमच्यापैकी कोणाला विचारायचे सुचले नव्हते. गरिबांच्या हक्काची व्यवस्था जिन्याखाली होती आणि आम्ही चादर घेऊन दारात उभे होतो!

आरोग्यमित्राचे टेबल

आरोग्य हा राज्यघटनेने राज्यांकडे सोपवलेला विषय आहे. त्यामुळे आपल्या गल्लीतल्या आजारपणाचे बरेच निर्णय मुंबईत मंत्रालयात होतात. 2012 मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. सुरुवातीला ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डापुरती होती. जुलै 2023 मध्ये राज्य सरकारने ती सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचा आणि वर्षाला प्रति कुटुंब 5 लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय घेतला.

मात्र दोन अटी नीट समजून घ्या. रुग्णालय योजनेत सामील असले पाहिजे आणि उपचार योजनेच्या यादीत असला पाहिजे. मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. प्रसंग तातडीचा असेल तर रुग्णालय फोनवरूनही कळवू शकते. म्हणून दाखल होतानाच विचारा, “आरोग्यमित्र कुठे बसतात?” आपल्या जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे, हे 155388 या क्रमांकावर कळते. ही चौकशी आजारी पडण्याआधी करायची.

रुग्णालयांचीही एक बाजू आहे. सरकारी दर कमी आणि पैसे मिळायला उशीर, ही त्यांची जुनी तक्रार आहे. सरकारने दर परवडणारे ठेवले आणि बिले वेळेवर दिली, तर खिडकीवरचा माणूसही रुग्णाला त्या टेबलाकडे आनंदाने पाठवील.

ट्रस्टचे रुग्णालय

दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. ट्रस्टच्या रुग्णालयांना करात आणि इतर बाबतींत सवलती मिळतात. त्या बदल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. बिलांच्या 2 टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत वेगळी ठेवावी लागते. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटकात धरला जातो. जीव धोक्यात असलेल्या गरिबाला अनामतीसाठी ताटकळत ठेवता येत नाही. 2025 मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामतीवरून मोठा गदारोळ झाला, तेव्हा हा नियम अनेकांना प्रथमच कळला. अशा रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, तिथे अर्ज करा. दाद मिळाली नाही तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

तिसरी वाट सरकारी रुग्णालयाची. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पण पुण्यात एका शहराला तीन मालक. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचे, गल्लीतला दवाखाना महापालिकेचा, आणि आरोग्य विभागाचे जिल्हा रुग्णालय औंधला. म्हणजे हडपसरच्या माणसासाठी मोफत दार शहराच्या दुसऱ्या टोकाला!

कागद आधी नीट करा

शिक्षक म्हणून आम्हाला सर्वांत जास्त खुपते ते वेगळेच. हजेरीपटात ‘शेख’, आधारवर ‘शेक’. वडील एका कागदावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर ‘महंमद’. सून निकाह होऊन चार वर्षे घरात आहे, पण तिचे नाव अजून माहेरच्या रेशनकार्डावर आहे. धाकट्या बाळाचे नाव कुठल्याच कार्डावर नाही. एरवी कोणाचे काही अडत नाही. अडते ते रात्री दोन वाजता, रुग्णालयाच्या खिडकीवर.

या वर्षी पालकसभेत आम्ही गुणपत्रिकेच्या आधी प्रत्येकाला रेशनकार्ड आणि आधारकार्ड शेजारी ठेवून नावे जुळवायला लावली. काही आया हसल्या, मग गंभीर झाल्या. सुनेचे नाव घालणे, बाळाचे नाव जोडणे, स्पेलिंग दुरुस्त करणे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सेवा केंद्रातून काढणे, ही कामे ज्या दिवशी घरात कोणी आजारी नाही त्याच दिवशी होतात. भगिनींनो, हे सारे कागद एका पिशवीत घालून कपाटात ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या मोठ्या मुलीलाही सांगून ठेवा.

आमच्या त्या रिक्षावाल्या भाईंनी बरे झाल्यावर मशिदीत उभे राहून सर्वांचे आभार मानले. मान खाली होती. ती मान खाली जायची गरज नव्हती. जकात आणि सदक्याचा पैसा ही गरिबांची अमानत आहे. योजनेतून होणाऱ्या उपचारावर तो खर्च झाला, तर जिला कुठलीच योजना लागू नाही अशा एखाद्या विधवेच्या औषधांना तो उरत नाही. चादर अंथरायला आम्ही पुढेही हातभार लावू. पण आता आधी विचारू, “रेशनकार्ड दाखवले का?”