दादाची रात्रपाळी

अप्पांच्या बायपासची तारीख ठरवताना सर्जननी आधी विचारलं, "पालखी कधी आहे?" तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला प्रस्थान ठेवते, दुसऱ्या दिवशी चिंचोली, देहूरोड, निगडी करत आकुर्डीला मुक्कामाला जाते, आणि त्या दिवशी जुना मुंबई-पुणे रस्ता वारकऱ्यांचा असतो. त्यात पेशंट, रक्तदाते आणि डबे घेऊन निगडी-चिंचवडच्या दवाखान्यात पोचायचं म्हणजे कठीणच. तारीख पालखीनंतरची पडली.

दादा न्यू जर्सीत असतो. तारीख कळल्यावर तो आधी तिकीट बघेल, अशी आईची खात्री होती. त्याने विचारलं, "घरी कधी सोडतील?" सगळं सुरळीत झालं तर पाच ते सात दिवसांनी, असं सर्जन म्हणाले होते. "मग मी त्यानंतर येतो. ऑपरेशनच्या दिवशी येऊन मी बाकड्यावरच बसणार ना?"

यावर तळेगावपासून वडगावपर्यंतच्या नातेवाइकांत जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. एकुलता एक मुलगा, बापाची छाती उघडणार आणि हा तिकडे. आई त्याच्याशी तुटक बोलू लागली. मी मात्र दादाच्या बाजूची आहे आणि हा लेख त्याच बाजूने लिहिते आहे.

त्याचं काम ऑपरेशनच्या कितीतरी आधी सुरू झालं. अप्पा देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांच्याकडे सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं कार्ड आहे. यादीवरच्या खासगी दवाखान्यात पेन्शनरांना कॅशलेस उपचार मिळतात, पण कागद पुरे लागतात. रेफरल, पेन्शनची ऑर्डर, कार्डाच्या दोन्ही बाजू, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी. दादाने माझ्याकडून प्रत्येक कागदाचा फोटो मागवला, अस्पष्ट आलेले परत काढायला लावले आणि प्रत्येकाला नाव देऊन ठेवलं. "अप्पा कार्ड मागची बाजू" हे नाव वाचून मी हसले होते. काउंटरवरच्या मुलीने नेमकी मागची बाजू मागितली, तेव्हा रांगेत उभ्या उभ्या ती मला सापडली.

औषधांचं प्रकरण जास्त नाजूक होतं. रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल ऑपरेशनच्या पाच दिवस आधी बंद करायची आणि ॲस्पिरिन चालू ठेवायची, असं सांगितलं होतं. ऐकायला सोपं. दादाने व्हिडिओ कॉलवर अप्पांचा औषधांचा डबा उघडायला लावला, एकेक पट्टी उलटी धरायला सांगितली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. अप्पांची गोळी दोन्ही औषधं एकत्र असलेली होती. अर्धी बंद आणि अर्धी चालू कशी ठेवणार? दवाखान्यात फोन करून नुसत्या ॲस्पिरिनची वेगळी चिठ्ठी घेतली. आम्ही ती पट्टी वर्षानुवर्षं रोज हाताळत होतो, पण कधी वाचली नव्हती.

रक्तदाते जमवायला त्याला काही करावं लागलं नाही. डेपो आणि ऑर्डनन्स फॅक्टरीच्या नोकऱ्यांपायी देशभरातली माणसं आमच्या देहूरोडला येऊन राहिली, त्यामुळे आमच्या गल्लीत तमिळ, तेलुगू, मराठी एकाच नळावर पाणी भरत मोठी झाली. शेजारच्या अक्कांनी हाक दिली आणि मुलं मोटरसायकली काढून गेली.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सकाळी आत नेलं. छातीचं मधलं हाड उभं कापतात, पायातून काढलेली शीर आणि छातीच्या आतली धमनी वापरून अडथळ्याच्या पुढे रक्ताला नवी वाट करून देतात आणि हाड स्टीलच्या तारेने बांधून टाकतात. दुपारनंतर सर्जन बाहेर आले, "झालं" म्हणाले. मी बाकड्यावर होते आणि दादा फोनवर. त्याच्याकडे पहाट होती.

दूरच्या मुलांबद्दल डॉक्टरांच्या मनात एक धास्ती असते, आणि ती उगाच नसते. 1991 साली वृद्धांच्या वैद्यकाला वाहिलेल्या एका अमेरिकी नियतकालिकात "कॅलिफोर्नियाची मुलगी" या नावाने एक दुखणंच नोंदलं गेलं. वर्षानुवर्षं न फिरकलेली मुलगी शेवटच्या टप्प्यावर येते, जवळच्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवलेलं सगळं उलटवते आणि हे करा, ते करा म्हणून धारेवर धरते. कॅलिफोर्नियातले डॉक्टर म्हणे तिला न्यू यॉर्कची मुलगी म्हणतात. आपल्याकडे ती बहुधा न्यू जर्सीचा मुलगा असते. तिथल्या ओळखीच्या डॉक्टरचं मत, रात्री नेटवर वाचलेलं, आणि सकाळच्या राउंडला फोन डॉक्टरांच्या तोंडासमोर.

दादाने ते केलं नाही. डॉक्टरांशी एकच माणूस बोलेल आणि ती मी, हे त्याने सगळ्या काका-मामांना कळवून टाकलं. रात्री तो मला मोजकेच प्रश्न लिहून पाठवायचा. लघवी किती झाली? छातीतल्या नळ्या कधी काढणार? मी राउंडला तेवढेच विचारायचे आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं परत पाठवायचे. ते सगळ्यांना सांगायचं काम त्याचं. त्यामुळे मला दिवसभर एकच फोन घ्यावा लागला. ज्यांनी दवाखान्यात माणूस सांभाळलंय त्यांना याची किंमत सांगायला नको.

आणि मग रात्री. उन्हाळ्यात न्यू जर्सीचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. इथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिथे दुपारचे साडेचार. माझे डोळे मिटायचे त्या वेळी तो टक्क जागा. अप्पांनी आयुष्यभर डेपोत पाळ्या केल्या, आता रात्रपाळी त्याने घेतली.

आयसीयूतून वॉर्डात आणल्यावर अप्पा एका रात्री उठून बसायला लागले. "गेट पास कुठाय माझा? शेडची किल्ली कुणाकडे आहे?" ब्युरोतून अप्पांच्या सेवेला ठेवलेले मामा त्यांना धरून होते, आई रडकुंडीला आली होती. मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतो, बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो, चष्मा लावा, ओळखीचा आवाज ऐकवा, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी फोन स्पीकरवर टाकला.

"अप्पा, मी बोलतोय. तुमची रजा मंजूर झालीये."

"सही कुणाची आहे?"

"साहेबांची. बदली माणूस आलाय. तुम्ही दवाखान्यात आहात, ऑपरेशन झालंय, आई बाजूला बसलीये."

अप्पांनी जरा विचार केला आणि आडवे झाले. पुढचा तासभर दादा तिकडून गावातल्या गोष्टी बोलत राहिला. मी खुर्चीत झोपले होते, हे मला सकाळी मामांनी सांगितलं.

फोनवरून बेडपॅन देता येत नाही, हेही तितकंच खरं. ते मामांनी केलं, आणि मामांचे पैसे दादाने दिले. 2023 पासून अमेरिकेसह दहा देशांतल्या मोबाइल नंबरवरही एनआरई आणि एनआरओ खात्यातून यूपीआय चालू करायला परवानगी मिळाली. दर शनिवारी मामांच्या फोनवर थेट पैसे जमा व्हायचे, मला मध्ये पडावं लागत नव्हतं.

घरी आल्यावर लोकांची ये-जा थांबली आणि खरं काम सुरू झालं. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर हातांवर भार देऊन उठायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि कुणीतरी पाठीला हात द्यायचा. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. चार-पाच किलोंहून जड काही उचलायचं नाही. तीन रंगीत गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर टिकवायच्या. पहिल्या दिवशी एकच गोळी जेमतेम हलली आणि अप्पांनी यंत्र भिरकावलं. जेवणाला चव नाही, झोप नाही, क्षुल्लक गोष्टीवरून डोळ्यांत पाणी. हे सगळं अपेक्षित असतं, पण घरातल्या माणसाला ते दिवसभर बघावं लागतं.

रोज सकाळी चहाआधी वजन, ताप, बीपी आणि दोन्ही जखमांचे फोटो, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, हा दादाचा दंडक होता. वजन एकदम वाढू लागलं तर अंगात पाणी साठतंय असं समजून डॉक्टरांना कळवायचं. फोटो कशाला, असं आई म्हणायची. एका सकाळी दादाचा फोन आला, "पायाची जखम घोट्याजवळ लाल होत चाललीये." आम्ही रोज ड्रेसिंग करत होतो, आम्हाला फरक दिसला नव्हता. त्याने मागचे फोटो ओळीने लावून पाहिले होते. त्याच दिवशी दाखवलं, औषध सुरू झालं आणि ते तेवढ्यावरच निभावलं.

माझी रजा संपत आली तेव्हा दादा आला. मुंबईहून एक्स्प्रेसवे किवळ्याला संपतो, तिथून घर हाकेच्या अंतरावर. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने आई-वडिलांच्या गंभीर आजारपणासाठी वर्षात बारा आठवड्यांपर्यंत रजा मिळते. ती बिनपगारी असते, कंपनी पन्नास कर्मचाऱ्यांहून लहान असेल तर मिळेलच असं नाही, आणि सासू-सासऱ्यांसाठी मिळत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून आठवडाभराची बिनपगारी रजा कायद्याने मिळू लागली आहे. एवढीच मिळणारी रजा ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर खर्च करायची की नंतर, हा दादाचा हिशेब होता.

तो आला आणि त्याने अप्पांना अंघोळ घातली, पायमोजे चढवले, रोज थोडं थोडं पुढे चालवत नेलं. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग बाजारापर्यंत आणि शेवटी बुद्धविहारापर्यंत. 1954 साली बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्ती बसवली, ती गोष्ट अप्पांनी त्याला चालता चालता न थांबता सांगितली. न थांबता, म्हणजे दम लागला नाही. दादाने ते वहीत लिहिलं.

दुसरी बाजू सांगायलाच हवी. आधीपासून ठरवून केलेल्या बायपासमध्ये शंभरात एक-दोन जण दगावतात, हे सर्जननी सही घेताना सांगितलं होतं. अप्पा त्यांत असते तर दादाचा हिशेब कुणाला पटला नसता, कदाचित त्याला स्वतःलाही नाही. हे त्याला ठाऊक होतं आणि तरी त्याने तसं ठरवलं. ज्यांचं ऑपरेशन जास्त जोखमीचं आहे त्यांनी आधीच यावं, यात वादच नाही.

पण बाकीच्यांनी तिकीट काढताना डिस्चार्जची तारीख विचारावी. आणि आज फोन लावाल तेव्हा आई-वडिलांना त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या कॅमेऱ्यासमोर उलट्या धरायला सांगा, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा, आणि शेजारच्या घरातला एक नंबर तुमच्या फोनमध्ये टाकून घ्या.