बांधीतल्या चिखलाचा हिशेब

रोवणीला, म्हणजे भातलावणीला, पंधरवडा उलटला की भंडाऱ्याच्या कुठल्याही बांधीतून (भातखाचरातून) धानाचं एक रोप मुळासकट उपसून पाहावं. चिखल काळपट करडा, पण मुळांना गंजासारखा तांबूस लेप. धान आपल्या पोकळ देठातून मुळांना हवा पुरवतं आणि तिथं झिरपलेल्या ऑक्सिजनने मातीतलं लोह गंजतं. या लेपाच्या आसपास मिथेन खाणारे जीवाणू असतात. त्यापलीकडच्या काळ्या चिखलात मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव. पहिले कमी पडले की उरलेला वायू बहुतांशी त्याच देठातून आभाळात जातो.

गाळातल्या या वायूचे बुडबुडे शास्त्रज्ञ व्होल्टाने १७७६ मध्ये इटलीच्या मॅजोरे सरोवरात गोळा केले होते. तो तयार करणारे सूक्ष्मजीव जीवाणू नव्हेतच, जीवसृष्टीची वेगळीच शाखा आहे, हे कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये दाखवलं. ढाक्याच्या पी. के. डे यांनी त्याआधीच, १९३९ मध्ये, भातखाचरातली निळी-हिरवी शेवाळं हवेतला नत्र जमिनीला देतात हे सिद्ध केलं होतं. पिढ्यानपिढ्या फारसं खत न घालता इथं धान कसं पिकलं, त्याचं बरंचसं उत्तर या शेवाळात आहे.

पुढे हवामान तापवणाऱ्या मिथेनसाठी भातशेतीच आरोपी ठरली. भारतातल्या भातशेतीतून वर्षाला सुमारे ३.८ कोटी टन मिथेन निघतो, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने मांडला. त्याला आधार परदेशातल्या मोजक्या शेतांचा होता. १९९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने आपल्या शास्त्रज्ञांनी देशभरच्या खाचरांत रोपांवर पारदर्शक पेट्या ठेवून, सिरिंजने हवा ओढून मोजणी केली. आकडा आला सुमारे ४० लाख टन. कारण पावसावरची बांधी उघाडीत सुकते, चिखलात हवा शिरते आणि मिथेन करणाऱ्यांचं काम थांबतं. भारतीय विज्ञानाची ही कामगिरी शाळेत शिकवली जायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पण भंडाऱ्याचं पाणी तेव्हापासून बदलत आलं आहे. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५१ मध्ये संपली आणि कोहळी समाजाच्या कसबातून उभ्या राहिलेल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांना धनी उरला नाही. कित्येक तलाव गाळाने भरले. १९८८ मध्ये वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि त्या जलाशयात येतं. सांडपाण्यातला सेंद्रिय मळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतो, म्हणजे मिथेन करणाऱ्यांची सोयच करतो. दुसरीकडे पाण्याची सोय झाली तिथं उन्हाळी धान आलं. ऊन, उभं पाणी, कुजणारं धसकट : मिथेन करणाऱ्यांना आणखी काय हवं?

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर यांच्या गटाने महाराष्ट्रातल्या भातखाचरांतून मिथेन खाणारे जीवाणू वेगळे केले. त्यातल्या काकडीच्या आकाराच्या एकाचं नाव मिथायलोकुकुमिस ओरायझी. भंडाऱ्याच्या चिखलाचीही अशी तपासणी व्हावी, आणि ती बांधी-बांधीत फरक करून : आवत्याची (फेकून पेरलेल्या धानाची) वेगळी, रोवणीची वेगळी, तलावाखालची वेगळी, उन्हाळी धानाची तर नक्कीच वेगळी. मधूनमधून बांधी सुकू दिली तर मिथेन बराच घटतो, हे इतर ठिकाणच्या प्रयोगांत दिसलं आहे. इथल्या जमिनीत ती किती दिवस सुकवायची, हे इथेच पेट्या मांडून ठरेल.