घराची स्वच्छता आणि उंबरठ्यापलीकडचा परिसर : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

घटस्थापनेपूर्वी आणि दिवाळीपूर्वी घर झाडून-पुसून घेणे, भांडी घासून पुन्हा मांडणे, धान्याला व अंथरुणांना ऊन दाखविणे ही आपल्या गृहजीवनातील जुनी रीत आहे. घर स्वच्छ झाले म्हणजे नेमके काय घडले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. शास्त्रीय दृष्टीने पाहता स्वच्छता म्हणजे घाणीचे स्थलांतर होय. फरशीवरची धूळ केरात जाते, भांड्यांचा तेलकटपणा साबणाच्या पाण्यात उतरतो आणि हे पाणी मोरीतून बाहेर पडते. घाण नाहीशी होत नाही. तिची जागा बदलते. त्यामुळे एखादी स्वच्छतेची पद्धत पर्यावरणपूरक आहे किंवा नाही, हे घराबाहेर पडलेल्या पदार्थाचे पुढे काय होते यावरून ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या संदर्भात या निकषाचे विवेचन केले आहे.

प्रदेशाचे स्वरूप

या तालुक्यांचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. नाणेघाट, भीमाशंकर या बाजूचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या उताराचा, अतिपावसाचा व उथळ मातीखाली काळा खडक असलेला आहे. नारायणगाव, ओतूर, मंचर या बाजूचा पूर्व भाग तुलनेने सपाट व बागायती आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पातील धरणांमुळे येथे कालव्याचे पाणी पोहोचले व उसाचे क्षेत्र वाढले. कुकडी, मीना व घोड या नद्यांचे पाणी अखेरीस भीमेला मिळते. खेड्यापाड्यांत भुयारी गटारांची व्यवस्था सहसा नसते. घरातील सांडपाणी परसात, ओढ्यात किंवा शोषखड्ड्यात जाते. पिण्याची विहीर अनेकदा त्याच परिसरात असते. अशा ठिकाणी मोरीतले पाणी आणि हंड्यातले पाणी यांत फारसे अंतर राहत नाही.

जुनी व्यवस्था व तिची मर्यादा

मातीच्या घरातील स्वच्छतेची साधने बहुतांशी परिसरातूनच मिळत. जमीन शेणाने सारवली जाई, चूल पोतेऱ्याने सारवली जाई, भांडी चुलीतल्या राखेने घासली जात. राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार असतो. तो तेलकटपणाशी संयोग पावून अल्प प्रमाणात साबणच तयार करतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच लावण्यामागेही रसायनशास्त्र आहे : चिंचेतील आम्लात धातूवरील ऑक्साइडचा थर विरघळतो. रिठ्यातील सॅपोनिन पाण्याला फेस आणते. साठवणीच्या धान्यात कडुलिंबाचा पाला घातला जाई. शिंदीच्या पानांची केरसुणी झिजली की चुलीत किंवा उकिरड्यावर जाई. वापरलेली प्रत्येक वस्तू मातीत परत जात असे, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

तथापि या व्यवस्थेचे सरसकट गौरवीकरण करणे योग्य ठरणार नाही. शेणात रोगजंतू असतात व धनुर्वाताचे बीजाणूही असू शकतात. मातीच्या जमिनीला सारवण बांधून ठेवते; सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीला त्याचा तसा उपयोग नाही. गॅसच्या शेगडीने चूल मागे पडली तशी राखही दुर्मिळ झाली. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ हे समीकरणही तपासून घ्यावे लागते. रिठ्यातील सॅपोनिन माशांना विषारी असते. ते मोठ्या प्रमाणात ओढ्यात सोडणे हितावह नाही. सारांश, जुन्या पद्धतीचे अनुकरण करण्यापेक्षा तिच्यामागील तत्त्व नव्या घराला लागू करणे अधिक उपयुक्त आहे. ते तत्त्व असे : वापरावयाचा पदार्थ अल्प असावा व त्याची परतीची वाट माहीत असावी.

सांडपाणी

बाजारातील धुण्याच्या भुकटीत मळ काढणारे घटक, धुण्याचा सोडा व अन्य सोडियमयुक्त क्षार असतात. काहींत फॉस्फेटही असते. फॉस्फेट साचलेल्या पाण्यात शेवाळाची वाढ करते. सोडियमचे प्रमाण वाढल्यास चिकणमातीची रचना बिघडते, ती घट्ट होते व पाणी मुरणे मंदावते. धुण्याचे पाणी वर्षानुवर्षे एकाच आळ्यात सोडल्यास तेथील माती टणक होण्याचे हे एक कारण आहे. यावर पहिला उपाय प्रमाणाचा आहे. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. आवश्यकतेपेक्षा अधिक टाकलेली भुकटी मळ अधिक काढत नाही. ती खंगाळण्यासाठी पाणी मात्र अधिक लागते. दुसरा उपाय क्रमाचा आहे. भांड्यांतील खरकटे व तेल आधी पुसून काढले, तर साबण व पाणी दोन्ही कमी लागतात.

शौचालयाच्या स्वच्छतेचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. सेप्टिक टँक असो वा दोन शोषखड्ड्यांचे शौचालय असो, मैल्याचे विघटन तेथील जिवाणू करतात. तीव्र आम्ल व जंतुनाशके सातत्याने ओतल्यास हेच जिवाणू नष्ट होतात. शिवाय आम्लयुक्त शौचालय-द्रव आणि ब्लीचिंग यांचे मिश्रण झाल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. नित्याच्या स्वच्छतेसाठी ब्रश, पाणी व थोडा साबण पुरेसा असतो. खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. परंतु ते परस्परांचा प्रभाव नाहीसा करतात. सोडा तेलकट डागांवर आणि व्हिनेगर किंवा लिंबू क्षारांच्या डागांवर, असा स्वतंत्र वापरच सयुक्तिक आहे.

शोषखड्ड्याबाबतही एकच नमुना सर्वत्र चालणार नाही. पश्चिम भागात पावसाळ्यात जमीन संपृक्त असते व खाली खडक असतो. तेथे खड्डा भरून वाहतो. पूर्वेकडील कालव्याच्या पट्ट्यात भूजलाची पातळी वर असते. तेथे विहिरीजवळचा खड्डा विहिरीलाच दूषित करतो. शक्य तेथे स्वयंपाकघराचे पाणी चारी काढून केळी, अळू अशा परसबागेतील पिकांना फिरवून देणे हा सुलभ पर्याय आहे. केळीचे खोड व अळूची मुळे ओलावा शोषून घेतात आणि पाणी एका जागी साचत नाही.

ओला कचरा आणि बिबट्या

या दोन तालुक्यांत खरकट्याच्या व्यवस्थेला आणखी एक गंभीर परिमाण आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके जुन्नर वनविभागात येतात. मानव-बिबट्या संघर्षासाठी हा विभाग देशभर परिचित आहे. २००१ ते २००३ या काळात येथे माणसांवरील हल्ल्यांत मोठी वाढ झाली होती. पकडलेल्या व जखमी बिबट्यांसाठी माणिकडोह येथे निवारा केंद्रही आहे. उसाच्या दाट शेतात बिबट्याला आडोसा मिळतो, हे सर्वज्ञात आहे. त्याचे अन्न कोठून येते, याकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही.

जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बिबट्यांच्या विष्ठेच्या विश्लेषणावरून असे आढळले की, त्यांच्या आहारातील सुमारे ८७ टक्के जैवभार पाळीव व माणसांच्या आश्रयाने राहणाऱ्या प्राण्यांचा होता. त्यात सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. ही साखळी सरळ आहे. उघड्यावर टाकलेल्या खरकट्यावर व मांसाच्या तुकड्यांवर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या वस्तीपर्यंत येतो. अंगण झाडून केर कुंपणाबाहेर लोटणारे घर आपल्या दृष्टीने स्वच्छ असते. परंतु सायंकाळी त्याच कुंपणाशी मुले खेळत असतात.

म्हणून ओल्या कचऱ्याचे झाकलेले खत ही येथे सुरक्षिततेचीही बाब आहे. झाकणाचे पिंप किंवा विटांचे हौद, त्यात ओल्या कचऱ्यावर पालापाचोळ्याचा अथवा मातीचा थर, अधूनमधून चाळवणे व ओलावा मर्यादित ठेवणे एवढ्यावर घरगुती खत तयार होते. हाडे व मांसाचे अवशेष यात न टाकता खोल पुरावेत. संघर्षाची कारणे अनेक आहेत व केवळ कचऱ्याच्या व्यवस्थेने तो मिटणार नाही, हेही नमूद केले पाहिजे. मात्र कुटुंबाच्या हातात असलेल्या थोड्या उपायांपैकी हा एक आहे.

सुका कचरा व घराची मांडणी

केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा निर्माण होतो त्या ठिकाणीच ओला, सुका व घरगुती घातक असे वर्गीकरण करण्याची अपेक्षा व्यक्त केली. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या व काही वस्तूंवर बंदी घातली. तरीही सणापूर्वीच्या साफसफाईनंतर घरामागे प्लास्टिक जाळण्याचा प्रघात आढळतो. अशा उघड्या ज्वलनातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात व ती मातीत आणि चाऱ्यावर उतरतात.

येथे मांडणीचा संबंध येतो. फडताळ, कोनाडा, शिंकाळे, उतरंड व कणगी या जुन्या घराच्या सोयींत प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा होती आणि जागेला मर्यादा होती. आजच्या घरात माळा व पलंगाखालची पोकळी वस्तूंना अमर्याद थारा देते; साठलेली वस्तू धूळ, झुरळे व उंदीर यांना आश्रय देते आणि मग कीटकनाशकांची गरज भासते. धान्य नीट वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे, जुन्या लुगड्यांची गोधडी व फडकी करणे, दुरुस्त होणारी वस्तू वेळीच दुरुस्त करणे, यांमुळे वस्तूंची संख्या घटते व स्वच्छतेचे कामही घटते.

श्रमाचा प्रश्न

या विवेचनात एक बाब टाळता येणार नाही. राखेने घासणे, फडकी धुणे, कचरा निवडणे, खत चाळवणे या सर्व कामांना वेळ लागतो आणि हा वेळ बहुतेक घरांत स्त्रियांचा असतो. शेतात दिवसभर राबून आलेल्या स्त्रीला तयार भुकटीने दिलेला अर्ध्या तासाचा विसावा क्षुल्लक मानता येणार नाही. पर्यावरणपूरकतेचा भार तिच्यावर टाकून इतरांनी समाधान मानणे हे एका घाणीचे दुसऱ्या स्वरूपातील स्थलांतरच ठरेल. त्यामुळे श्रम वाढविणाऱ्या उपायांपेक्षा श्रम घटविणारे उपाय, म्हणजे कमी वस्तू, कमी साबण, आधी पुसून मग धुणे, यांना प्राधान्य द्यावे. कचरा निवडणे व खताची देखभाल ही कामे घरातील पुरुषांनी व मुलांनी वाटून घेणे अगत्याचे आहे.

समारोप

महाविद्यालयांच्या दृष्टीने या विषयाला व्यावहारिक मूल्य आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ते व मंदिराचे आवार झाडले जाते. त्यासोबत एखाद्या वस्तीतील सांडपाणी कोठे जाते, विहिरीपासून शोषखड्डा किती अंतरावर आहे आणि खरकटे कोठे टाकले जाते, यांचा नकाशा विद्यार्थ्यांनी ग्रामस्थांसह तयार केला, तर रसायनशास्त्र, भूगोल, प्राणिशास्त्र व गृहविज्ञान या विषयांचे अध्यापक एकत्र येऊ शकतील. असा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवता येतो. घरातील केराची वाट एकदा कागदावर दिसली, की ती बदलण्याचा निर्णय गावाला स्वतः घेता येतो.