चौकट : दीपनगरच्या राखेवर कुणी काम करायचे?

भुसावळजवळच्या दीपनगरात महानिर्मितीचे औष्णिक वीज केंद्र आहे. त्यातले ५०० मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. आपल्याकडच्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते, म्हणजे शंभर टन जाळले की तीस-चाळीस टन राख उरते. ३१ डिसेंबर २०२१च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ती पूर्णपणे वापरात आणणे केंद्रांना बंधनकारक आहे. सिमेंट, विटा, रस्त्याचा भराव हे तिचे ठरलेले मार्ग.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या गटाला याहून चांगला विषय कुठला? स्थापत्यच्या मुलांनी विटेची ताकद तपासावी, यंत्र शाखेने वाहतुकीत उडणारी राख कशी रोखायची ते पाहावे, संगणकवाल्यांनी टँकरच्या फेऱ्यांचे गणित मांडावे. हतनूर धरणातून केंद्राला येणाऱ्या तापीच्या पाण्याची बचत हा तर स्वतंत्र प्रकल्प.

अशा कामाची राष्ट्रीय वाट २०१७पासून खुली आहे. ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’मध्ये मंत्रालये आणि उद्योग आपले खरे प्रश्न देतात, गट सहा जणांचा, त्यात किमान एक विद्यार्थिनी हवीच. खानदेशातल्या महाविद्यालयांनी मात्र स्पर्धेची वाट पाहू नये. विकत आणलेले तयार प्रकल्प बंद करून केंद्राच्या अभियंत्यांकडे थेट प्रश्न मागायला जावे.